मेलेला शंख रंग धरत नाही

फोर्तुनाताला समुद्राची भीती वाटायची, आणि तिचं अर्धं आयुष्य गेलं ओलांगो बेटावर, जिथे मागचं दार उघडून दोन पावलं टाकली की तिसरं पाण्यात पडतं. ती मूळची समोरच्या मोठ्या सेबू बेटाच्या डोंगरातली, मक्याच्या रानातली. पाणी म्हणजे विहिरीत मावतं तेवढंच, अशा समजुतीत वाढलेली. एकोणिसाव्या वर्षी क्रिसोलोगोशी लग्न करून होडीतून बेटावर आली, तेव्हा तिने नवऱ्याचा सदरा असा आवळून धरला होता की उतरताना त्याची दोन बटणं तिच्या मुठीत निघून आली. किनाऱ्यावर नणंद उभी होती, सालोमे. कमरेवर हात, तोंडात चिरूट, आणि आवाज असा की भरती-ओहोटीसुद्धा तिला विचारून होत असावी.

"काय रे लोय," तिने भावाला हाक दिली, "बायको आणायला गेला होतास ना? मग हा खेकडा कुठून उचललास? सोडत नाहीये बघ तुला!"

सगळा किनारा हसला. फोर्तुनाताही हसली, नव्या सुनेने दुसरं काय करायचं. पण मूठ काही तिने सैल सोडली नाही.

त्या घरातल्या सगळ्यांचं पोट काटेरी शंखांवर चालायचं. बेटाच्या दक्षिणेला समुद्राचा तळ एकाएकी कड्यासारखा तुटतो आणि निळं पाणी काळं होतं. लोय आणि होडीचा मालक बेस्यो संध्याकाळी त्या कड्यावरून जाळी खाली सोडून यायचे. रात्रभर शंख सरपटत जाळ्यावर चढायचे आणि स्वतःच्याच काट्यांनी स्वतःला अडकवून घ्यायचे. पहाटे हाताने जाळी ओढायची, आणि मग किनाऱ्यावरच्या रानबदामाच्या सावलीत बायकांनी बसून एकेक शंख सोडवायचा. ऐकायला सोपं आहे.

त्यातला राजा म्हणजे फणीशंख. मासा खाऊन उरलेला सांगाडा कुणीतरी शंखाला चिकटवून द्यावा तसा. लांब दांडी, आणि दांडीभर विणायच्या सुईसारखे काटे, शंभराच्या वर. सगळे शाबूत असले तर तो देशोदेशीच्या शौकिनांच्या काचेच्या कपाटात जातो. एक मोडला तर आरशाच्या चौकटीवर, दिव्याच्या झुंबरावर डिंकाने चिकटतो. काटा मोडतो तेव्हा आवाज अगदी बारीक येतो. पण सालोमेच्या कानांनी तो वीस पावलांवरून टिपलाच म्हणून समजा.

"टक्!" ती तिथूनच ओरडायची, जिभेने हुबेहूब तोच आवाज काढून. "कोण ते? डोंगरची का? घ्या! एक आरसा सजला!"

पहिल्या महिन्यात फोर्तुनाताने इतके आरसे सजवले की सालोमेने तिच्या बसण्याची, थरथरत्या बोटांची, ओठ चावण्याची नक्कल बसवली आणि रविवारी प्रार्थना आटोपली की चर्चच्या पायऱ्यांवर ती करून दाखवायला लागली. फोर्तुनाता घरी येऊन तांदळाच्या डब्यामागे रडायची. पण दुसऱ्या दिवशी परत बसायची. भीती काही गेली नाही. ती हळूहळू तिच्या बोटांत उतरली आणि तिथेच कामाला लागली. ज्याला कशाची भीती नाही तो जाळं ओढतो. तिची बोटं जाळ्याला विचारून विचारून धागा सोडवायची. बावीस वर्षांनी अशी गत झाली होती की अवघड शंख आला की सालोमे स्वतः तो उचलून तिच्यापुढे ठेवायची, वर तोंडाने म्हणायची, "हं, मोड हाही."

त्या झाडाखाली एक नियम होता. काटेरी शंख घमेल्यात, ओल्या फडक्यावर. गुळगुळीत शंख घमेल्यात टाकायचे नाहीत. जड असतात, गडगडत जातात आणि चार जणांचे काटे मोडतात. ते बायका झग्याचा पुढचा घोळ कमरेला खोचून त्या ओच्यात टाकायच्या. आणि नक्ष्या दिसला की हात मागे. नक्ष्या म्हणजे तपकिरी जाळीदार नक्षीचा, रुंद तोंडाचा शंख. दिसायला साधाभोळा, आणि आत विषारी सुई. तो चिमट्याने उचलून वेगळ्या डब्यात. म्हातारा तोर्क्वातो त्यानेच गेला होता. घरी आला, जेवायला बसला, आणि पहिला घास तसाच तोंडात राहिला. सालोमे ती गोष्ट सांगताना घास तोंडात धरून डोळे थिजवायची. बायका एकीकडे हसायच्या आणि दुसरीकडे आपापला ओचा चाचपायच्या.

मार्चमधल्या एका मंगळवारी जाळ्यातून एक फणीशंख आला. वीतभर लांब, मधाच्या रंगाचा. सालोमेने तो जाळ्यासकट फोर्तुनाताच्या मांडीवर ठेवला आणि चिरूटसुद्धा विझवला. काटे तीन थरांच्या धाग्यात गुंतले होते, आणि त्याच गाठीत आणखी एक शंख बसला होता, चिखलाने आणि स्पंजाने लडबडलेला, मुठीएवढा. तो जड गोळा लोंबकळत राहिला असता तर हिसक्याने काटे गेले असते. फोर्तुनाताने डाव्या हातात फणीशंख अधांतरी धरला, उजव्या हाताने तो गोळा सोडवला. बोटांना चिखलाखालचा गुळगुळीतपणा कळला. गुळगुळीत म्हणजे ओचा. तिने तो ओच्यात सोडला. नजर काट्यांवरून हलली नाही.

पुढचा पाऊण तास झाडाखाली कुणी मोठ्याने बोललं नाही. शेवटचा धागा सुटला, फोर्तुनाताने शंख फडक्यावर ठेवला, आणि सालोमेने गुडघ्यांवर बसून तो सगळीकडून पाहिला.

"एकही नाही?" ती म्हणाली. "एकसुद्धा नाही मोडला? शोधू दे मला. असेल कुठेतरी."

"नांग, नाही मोडला," फोर्तुनाता म्हणाली. मोठ्या बहिणीला म्हणतात तसं ती नणंदेला नांगच म्हणायची. हे म्हणताना तिला जाणवलं की बेंबीच्या खालचा तळहाताएवढा भाग झोपी गेलाय. थंड ओलं फडकं ठेवावं तसा. बसून बसून आलं असेल. ती उठली, ओचा सोडून शंख वाळूवर ओतले.

चार कवड्या, दोन चकचकीत ऑलिव्ह शंख, आणि तो गोळा. पाऊण तास कापडाला घासून त्याचा चिखल निघाला होता. तपकिरी जाळीदार नक्षी. रुंद तोंडातून एक पांढुरकी नळी बाहेर आली होती. तिच्या देखत ती सावकाश आत गेली. काम झाल्यावर माणूस आत जातं तशी.

फोर्तुनाताने झगा पोटाशी ताणून पाहिला. कापडाला टाचणीएवढं भोक. आत, कातडीवर, डास चावल्याएवढा लाल ठिपका. दुखत नव्हतं. काहीच दुखत नव्हतं; तोर्क्वातोलाही काही दुखलं नव्हतं.

ती लगेच बोलली नाही. बोलली असती तर ते खरं झालं असतं. आणि दुसरी भीती, सांगायला लाज वाटावी अशी: सालोमे काय म्हणेल? बावीस वर्षं कानीकपाळी ओरडतेय, डोंगरची, नक्ष्या बघ, नक्ष्या बघ. रविवारी पायऱ्यांवर ह्याची कशी नक्कल होईल हे तिला डोळ्यांपुढे दिसलं. म्हणून तिने पायाने त्या शंखावर वाळू लोटली, रांजणापाशी गेली, नारळाच्या करवंटीने पाणी घेतलं. पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळलं. ओठांना करवंटी लागलीच नव्हती. म्हणजे लागली होती, कळली नव्हती.

"नांग," ती वळून म्हणाली, आणि जीभ तिला उशीएवढी वाटली. "नांग, माझे ओठ आहेत का बघ गं जागेवर."

सालोमेने मान वर केली. तोंडाशी टोमणा तयार होता, दिसतच होता. मग तिची नजर फोर्तुनाताच्या तोंडावरून झग्यावर, झग्यावरून वाळूवर गेली. वाळूच्या ढिगातून नक्षी थोडी उघडी राहिली होती.

सालोमेने टोमणा गिळला. आयुष्यात पहिल्यांदाच गिळला असेल.

"लोय!" ती किंचाळली. "बेस्यो! होडी!"

मग एकच गोंधळ. कुणी माडीचा शिरका पोटावर ओतला. शेजारीण देल्फिना आलं चावून ते ठिपक्यावर लावायला धावली. "मला काय, मी आपली सांगते," ती म्हणत होती, तिचं प्रत्येक वाक्य तसंच सुरू व्हायचं, "माझ्या मामाला विंचू चावला तेव्हा आल्यानेच उतरला."

"हा विंचू आहे का?" सालोमेने तिला कोपराने ढकललं. "तोर्क्वातो आल्याच्याच वाफ्यात राहायचा ना? वाचला का?"

लोयने बायकोला खांद्यावर घेतलं. बेटावरचा डॉक्टर गुरुवारी यायचा. समोर माक्तान बेटावर दवाखाना होता. बेस्योच्या होडीने, इंजिन नीट चाललं तर, पाऊण तास. फोर्तुनाताला होडीच्या नाळेकडे डोकं करून फळ्यांवर निजवलं. मागोमाग सालोमे चढली. देल्फिनाही चढली, न बोलावता, हातात जपमाळ घेऊन. होडीच्या दोन्ही बाजूंचे बांबू पाणी कापायला लागले.

फोर्तुनाताला दोन लोय दिसत होते. दोघेही रडत होते. मग पापण्या उतरायला लागल्या. तिने त्या वर ठेवायचा प्रयत्न केला. खिडकी बंद करणारा हात दुसऱ्याचाच असल्यासारख्या त्या मिटल्या. आता फक्त पापण्यांतून येणारा उन्हाचा लाल रंग, आणि आवाज. इंजिनाचा धडधडाट, पाण्याचे तडाखे.

"इंदाय," लोय लाडाच्या नावाने हाक मारत होता, "इंदाय, ऐकतेस का? काही बोल ना."

ऐकतेय, ती म्हणाली. कुठलाच आवाज आला नाही. तिने बोट हलवलं. बोट हललं नाही. ती सगळी आत होती, लख्ख जागी, आणि बाहेरचं घर कुणीतरी खोलीमागून खोली कुलूप लावत चाललं होतं.

मग श्वास. आधी तो आखूड झाला, मग बारीक. बोरूच्या नळीतून हवा ओढावी तसा. नळी आणखी बारीक झाली. सुईएवढी झाली. तिने सगळा जीव गोळा करून ओढलं आणि काही आलं नाही. पाण्याची भीती आयुष्यभर बाळगली, आणि आता कोरड्या फळीवर, उन्हात, ती बुडत होती. होडीत चार माणसं होती, आणि त्यांना कळत नव्हतं.

"तिची छाती हलत नाहीये," लोय म्हणाला.

थाड्. कुणीतरी थोबाडीत मारली. आवाजावरून कळलं, गालाला नाही कळलं. मग कुणीतरी नाक दाबलं, तोंडावर तोंड आलं, आणि आत हवा घुसली. चिरूट, लसूण आणि सुक्या मासळीची हवा. फोर्तुनाताच्या आयुष्यात इतकं गोड काही आलं नव्हतं.

"हे काय करतेस?" देल्फिना ओरडली.

"ती बाहुली," सालोमे म्हणाली, आणि पुन्हा फुंकलं. "रबराची." फुंकलं. "शाळेत आणली होती ना, शहरातल्या लोकांनी." फुंकलं. "बुडालेल्याला फुंकायला शिकवायला. तुम्ही सगळे हसत होतात." फुंकलं. "मी पण हसत होते."

ती मध्ये मध्ये बोलत राहिली, कारण न बोलता सालोमेला काही करताच यायचं नाही. एक फुंकर, एक शिवी. "बावीस वर्षं." फूं. "शिकवलं हिला." फूं. "नक्ष्या बघ." फूं. "फणी बघते, नक्ष्या बघत नाही." फूं. "मर मग." फूं. "मरू नकोस." फूं. फोर्तुनाता प्रत्येक शिवीची वाट बघायची, कारण शिवीनंतर हवा यायची.

किती वेळ गेला कोण जाणे. सालोमेचा घसा घरघरायला लागला. मध्ये लोयने एकदा फुंकून पाहिलं. सगळी हवा गालांतूनच फुस्सकन निघून गेली. "बाजूला हो, फुगा आहे का तो?" सालोमेने त्याला ढकललं.

"मी काय म्हणतो," बेस्यो सुकाणूवरून बोलला. सावकाश बोलणारा माणूस, घर पेटलं तरी 'मी काय म्हणतो' पासून सुरू करणारा. "लोय, मनगट बघ जरा. नाडी."

"कळत नाही. फळीच थरथरतेय सगळी."

"छातीला कान लाव."

"इंजिनच ऐकू येतंय! बंद कर ना क्षणभर. मला ऐकू दे."

"मी काय म्हणतो, बंद करीन. पण तापलंय. आता बंद केलं की अर्धा तास चालू व्हायचं नाही."

नको, फोर्तुनाता आतून ओरडली. नको रे. माझं ऐकू येत नाही म्हणून इंजिन बंद करू नका.

"मला काय, मी आपली सांगते," देल्फिनाचा आवाज मऊ झाला होता. "गेली रे ती. डोळे मिटले, अंग गळलं, केव्हाची. तोर्क्वातो असाच दिसत होता. आता उगाच विटंबना का करता? लोय, जपमाळ तिच्या हातात दे. सांतो नीनो, बाळयेशू, तिला पदरात घेवो."

 जपमाळेचे मणी खुळखुळले.

बेटावर एक रीत होती, सगळ्यांना ठाऊक असलेली. माणूस होडीत गेलं तर त्याला परक्या किनाऱ्यावर उतरवायचं नाही. नाळ घराकडे वळवायची. परक्या मातीला लागलेला आत्मा परतीचं पाणी ओलांडत नाही म्हणतात. बेस्योच्या बापाने स्वतःच्या भावाला असं परत आणलं होतं, वाऱ्याच्या उलट, दोन तास.

"मी काय म्हणतो," बेस्यो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला, "लोय, तू सांग. तुझी बायको आहे."

 हुंदका देऊन लोयने दोन्ही हातांनी तोंड झाकलं असावं, आवाज तसाच आला, दबलेला. आणि बेस्योने तेच उत्तर समजलं.

फोर्तुनाताच्या पापण्यांवरचा लाल रंग हलला. डाव्या गालाकडे सरकला. मग कानाकडे. लाटा नाळेवर आपटत होत्या त्या बाजूने आपटायला लागल्या. होडी वळत होती. लाल रंग विझला, डोळ्यांपुढे तपकिरी अंधार आला, आणि तिला कळलं की आता नाळ ओलांगोकडे आहे. घरी. निळ्या झग्यात. देल्फिना तेवढ्यात म्हणालीच होती, "तो निळा झगा काढू, सणाचा." मग मयताच्या राखणीचे नऊ दिवस, पत्त्यांचे डाव, मक्याच्या कण्यांचा भात, कापलेलं डुक्कर, आणि मध्ये ती, जागी. खिळे ठोकतानासुद्धा जागी असेन का, तिने विचार केला, आणि ती भीती इतकी मोठी होती की तिच्यापुढे समुद्र पेलाभर वाटला.

हवाही थांबली होती. सालोमे मागे झाली होती.

"बेस्यो, कुठे वळवलीस?" सालोमेचा आवाज.

"नांग, घरी."

"कुणी सांगितलं?"

"नांग, रीत आहे."

"रीत मेलेल्याची आहे." सालोमे धापा टाकत होती. "थांब. मला बघू दे. थांबा सगळे."

कुणाची तरी बोटं फोर्तुनाताच्या हनुवटीखाली आली असावीत. मानेत कुठेतरी खोल एक हिसका तिला जाणवला. आतली शेवटची हवा विरत चालली होती. कानांत गुणगुण सुरू झाली.

"लोय, इकडे ये. रडणं नंतर. हिचे ओठ बघ. कसला रंग आहे?"

"जांभळा," लोय म्हणाला.

"आता बघ."

हवा आली. एक. दोन. तीन. चार. गुणगुण मागे हटली.

"आता?"

लोय फळीवरून पुढे सरकल्याचा आवाज आला.

"आता कसला, बोल ना मुडद्या!"

"गुलाबी," तो म्हणाला. "होतायत गुलाबी."

"तीस वर्षं शंख निवडतेय मी," सालोमे म्हणाली, आणि आता ती ओरडत नव्हती, झाडाखाली ढीग निवडताना बोलायची तसं बोलत होती. "जिवंत काढलेला कुठला आणि किनाऱ्यावर मेलेला सापडला तो कुठला, डोळे झाकून सांगते. मेलेल्याचा रंग उडाला की उडाला. पाण्यात बुडव, तेल चोळ, रंग धरत नाही. कधी धरलाय? सांग बेस्यो, कधी मेलेल्या शंखाने रंग धरलाय?"

"नाही, नांग."

"हिने धरला. माझ्यासमोर. लोयसमोर."

"मला काय, मी आपली..."

"देल्फिना, तू आपली गप्प बस. नाहीतर पोहत घरी जा. बेस्यो, वळव!"

इंजिन गुरगुरलं. बेस्योने ह्या वेळी 'मी काय म्हणतो' म्हटलं नाही. लाटा पुन्हा बाजूने आपटल्या, होडी इतकी कलली की देल्फिनाने सगळ्या संतांची नावं एका दमात घेतली, आणि फोर्तुनाताच्या पापण्यांवर लाल रंग परत आला, आधी गालावर, मग सगळीकडे. त्यानंतरचा सगळा प्रवास लोय फक्त ओठ बघत होता आणि मोठ्याने सांगत होता. "गुलाबी. गुलाबी. जांभळट, नांग, जांभळट! हं, गुलाबी." आणि ज्या ज्या वेळी तो 'जांभळट' म्हणायचा, त्या त्या वेळी फोर्तुनाता आतल्या आत मरायची आणि सालोमेची फुंकर यायची.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने झग्याचं भोक पाहिलं, ठिपका पाहिला, आणि घशात नळी घातली. नळीला रबरी पिशवी लावली. "ह्यावर उतारा नाही," तो म्हणाला. "विष आपलं आपण ओसरतं. तोवर श्वास आपण द्यायचा. पिशवी दाबत राहायची, थांबायचं नाही."

"ऐकू येतं का तिला?" सालोमेने विचारलं. तिचे ओठ सुजून फुटले होते, हे फोर्तुनाताला तिच्या बोलण्यावरून कळलं. शब्द भिजल्यासारखे येत होते.

"येत असेल. बऱ्याचदा येतं."

 होडीत कोण कोण काय काय बोललं हे प्रत्येक जण आठवत असावा. "मी बाहेर बसते," देल्फिना म्हणाली.

पिशवी दाबायला परिचारिका होती. ती दमली की लोय. लोय दमला की बेस्यो, सावकाश, पण घड्याळासारखा. सालोमेला डॉक्टरने हात लावू दिला नाही. ती खाटेच्या पायाशी जमिनीवर बसली आणि बसल्या जागी घोरायला लागली. दुपार गेली. खिडकीबाहेर शाळा सुटल्याचा गलका आला आणि विरला. फोर्तुनाता पिशवीच्या फुस्स आवाजाला चिकटून पडून राहिली. एकेका फुस्सच्या मधली जागा तिला दरीसारखी वाटायची. दर वेळी वाटायचं, आता ह्याचा हात थांबेल, ह्याला झोप लागेल, हा उठून पाणी प्यायला जाईल. माणसांच्या हातांना भूक लागते, खाज सुटते. तिचा जीव असल्या हातांत होता.

ऊन उतरलं तेव्हा उजव्या पायाचा अंगठा दुखायला लागला. दुखला! मग तो हलला. लोय इतक्या जोरात ओरडला की सालोमे दचकून उठली आणि तिचं डोकं खाटेच्या लोखंडाला लागलं. डॉक्टर आला. पापणी उचलली, बॅटरी मारली. "हात दाब," तो म्हणाला, आणि तिने दाबला, मुंगी दाबावी इतका.

"छान. आता पिशवी थांबवून बघू."

नको, ती म्हणाली, आतून.

"स्वतः घेते का बघायला हवं. लोय, हात काढा."

नको. अजून थोडा वेळ. उद्या.

"लगेच सुरू करू हो, नाही घेतला तर," डॉक्टर लोयला म्हणाला, कारण लोयचा हात निघतच नव्हता. शेवटी परिचारिकेने त्याची बोटं एकेक करून सोडवली.

फुस्स थांबलं.

सकाळपासून हवा बाहेरून येत होती. हे काम आपलं असतं, हेच तिचं अंग विसरलं होतं. ती वाट बघत राहिली. कुणी फुंकलं नाही, कुणी दाबलं नाही, कुणी शिवी दिली नाही. पंखा फिरत होता. बाहेर कुठेतरी बेस्यो देल्फिनाला सांगत होता, "मी काय म्हणतो, खाऊन घे थोडं." कानांत ती गुणगुण पुन्हा लांबून यायला लागली, ओळखीची. आता चार माणसं डोक्याशी उभी होती, सगळ्यांना कळत होतं, आणि तरी कुणी काही करत नव्हतं.

लोय वाकून ओठ बघत होता. "जांभळट," तो कुजबुजला. "डॉक्टर, जांभळट होतायत..."

"थांबा. थांबा जरा."

बरगड्यांच्या खाली, बेंबीच्या वर, काहीतरी चाचपडलं. अंधारात कुलपाचं भोक शोधावं तसं. चुकलं. परत चाचपडलं. मग ते लागलं, आणि नळीतून एक बारीक, वाकडीतिकडी, घोटभर हवा आत गेली. कुणीही न घातलेली.

लोयने हात पिशवीकडे नेला. सालोमेने तो मनगटाला धरून खाली दाबला. आणि मग ती कुजबुजली. तिला कुजबुजता येतं हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

"कुणी हलू नका. दचकेल ती."

आणि कुणी हललं नाही, परिचारिकासुद्धा नाही, तोवर दुसरा श्वास आला.